बांधावरची वाट

आमचं रान आणि नानांचं रान यांच्यामध्ये एक बांध आहे. कोरेगाव तालुका, काळी जमीन, पावसाळ्यात दोन्ही बाजूंना वाघ्या घेवडा. आबा आणि नाना सख्खे भाऊ. आजोबा गेल्यावर वाटणी झाली तेव्हा हा बांध चांगला दीड हात रुंद होता, असं आई सांगते. मी शाळेत जायला लागले तोवर त्यावर एकापुढे एक पाऊल टाकूनच चालावं लागायचं. नांगरट आली की शेवटचं तास बांधाला घासून जायचं, कधी आमच्याकडून, कधी त्यांच्याकडून. 'बांध कोरला' या दोन शब्दांवर आमच्या भागात भावाभावांची बोलणी बंद होतात. आमच्या घरातही अकरा वर्षं बंद होती.

मी बारावीला असताना मोजणी झाली. भूमापकानं यंत्र लावलं, नकाशा उघडला, हद्दीच्या खुणा रोवल्या. आबा एका टोकाला उभे, नाना दुसऱ्या. सगळं आटोपल्यावर नाना एवढंच म्हणाले, "बांध काय एका जागी ऱ्हातोय व्हय? दर साली सरकतोय त्यो." त्यांनी ते रागानं म्हटलं होतं. मला ते वाक्य आज आठवतं ते दुसऱ्याच कारणानं. मी ज्या कामावर पोट भरते, ते अशाच सरकणाऱ्या बांधांच्या मोजणीचं आहे. माझे बांध जेमतेम नॅनोमीटरभर, म्हणजे मिलिमीटरच्या दहा लाखाव्या हिश्शाइतके रुंद असतात आणि ते स्फटिकाच्या पोटात असतात.

बेरियम टायटनेटपासून मी हे काम शिकले. पांढरी भुकटी, दाबून भट्टीत भाजली की चिनीमातीसारखी कडक वडी. आत पाहिलं तर अणूंचे घन एकाला एक लागून रचलेले: आठ कोपऱ्यांवर बेरियम, सहा बाजूंच्या मधोमध ऑक्सिजन आणि पोटात टायटॅनियम. घनाची एक बाजू सुमारे ०.४ नॅनोमीटर. १२० अंश सेल्सिअसच्या वर टायटॅनियम बरोबर मध्यावर असतो. त्याखाली उतरलं की ती मधली जागा त्याला सोसत नाही. तो एका बाजूला सरकतो, नॅनोमीटरच्या साधारण शंभराव्या हिश्शाइतका. तेवढ्यानं घन त्या दिशेला एक टक्का लांबतो, त्याच्या एका अंगाला धन आणि दुसऱ्या अंगाला ऋण भार वरचढ होतो. सरकायला सहा दिशा मोकळ्या असतात, पण शेजारचा जिकडे गेला तिकडे आपणही जावं अशी ओढ असते, म्हणून हजारो घन एकाच दिशेला तोंड करून बसतात. बाहेरून व्होल्टेज दिलं तर ही तोंडं फिरवता येतात, आणि व्होल्टेज काढून घेतलं तरी ती फिरलेलीच राहतात. अशा पदार्थांना फेरोइलेक्ट्रिक म्हणतात. नावात लोखंड आहे, बेरियम टायटनेटमध्ये लोखंडाचा कण नाही. लोहचुंबकाशी वागणूक जुळते, त्यावरून ते नाव पडलं.

ही वागणूक पहिल्यांदा ओळखली जोसेफ व्हालासेक यांनी, १९२० साली, अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात, तीही रोशेल सॉल्टमध्ये. हे मीठ फ्रान्समधल्या ला रोशेल गावच्या एका औषधवाल्यानं सतराव्या शतकात पोट साफ करायला बनवलं होतं. बेरियम टायटनेट आलं दुसऱ्या महायुद्धात, आणि त्याच्या येण्यात आपल्याकडचा एक धागा आहे. रेडिओत विद्युतभार साठवणाऱ्या कपॅसिटरला अभ्रक लागायचं. चांगलं पत्री अभ्रक तेव्हा मुख्यतः भारतातून जायचं, कोडरमा आणि गिरिडीहच्या खाणींतून. युद्धात त्याची टंचाई झाली, पर्यायाचा शोध सुरू झाला आणि अमेरिका, रशिया, जपान या तिन्ही देशांत एकमेकांच्या नकळत हेच द्रव्य हाती लागलं. आज खिशातल्या मोबाइलमध्ये त्याचे शेकडो बारीक कपॅसिटर असतात.

आता वाटणीकडे येते. सगळ्या स्फटिकानं एकाच दिशेला तोंड केलं तर वरच्या पृष्ठभागावर सगळा धन भार आणि खालच्यावर सगळा ऋण भार गोळा होतो. हे दोन भार मिळून स्फटिकाच्या आत उलट्या दिशेचं विद्युतक्षेत्र उभं करतात, आणि ते क्षेत्र त्या एकजुटीलाच मोडू पाहतं. मग स्फटिक पट्ट्यापट्ट्यांत वाटला जातो. एक पट्टा वर तोंड करून, शेजारचा खाली. धन आणि ऋण शेजारीशेजारी आले की एकमेकांचा भार फेडतात, आतला विरोध निवळतो. या पट्ट्यांना डोमेन म्हणतात आणि दोन डोमेनमधल्या सीमेला डोमेन वॉल.

पण बांध फुकट पडत नाही. बांधाखाली जमीन जाते, तशी प्रत्येक सीमेपाशी ऊर्जा खर्ची पडते, कारण तिथल्या घनांना धड वरही पाहता येत नाही आणि धड खालीही. त्यामुळे फार वाटण्याही परवडत नाहीत. दोन्ही खर्चांचा मेळ जिथं बसतो तिथं पट्ट्याची रुंदी ठरते, आणि ती थराच्या जाडीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात असते. थराची जाडी एक चतुर्थांश केली तर पट्टे निम्मे होतात. हा हिशेब लँडाऊ आणि लिफ्शिट्झ यांनी १९३५ मध्ये आणि किटेल यांनी १९४६ मध्ये चुंबकांसाठी मांडला होता. तो फेरोइलेक्ट्रिक पदार्थांनाही लागू पडला.

याच हिशेबावरचा एक प्रयोग मला फार प्रिय आहे. थर फार पातळ केला की तो आतला विरोध अनावर होतो आणि फेरोइलेक्ट्रिकपण संपतं, असा बराच काळ समज होता. २००४ मध्ये अमेरिकेच्या आरगॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेत प्रखर क्ष-किरणांखाली लेड टायटनेटचे थर पाहिले गेले. सर्वांत पातळ थर, ज्यात तो गुण खोलीच्या तापमानाला शाबूत होता, फक्त तीन घनांइतका जाड होता: १.२ नॅनोमीटर. थरानं स्वतःला काही नॅनोमीटर रुंदीच्या पट्ट्यांत वाटून घेतलं होतं. आमच्याकडे वाटणी झाली की घर मोडलं म्हणतात. इथं वाटणी झाली म्हणून घर राहिलं. तो शोधनिबंध मी पहिल्यांदा वाचला त्या दिवशी मला दुसरं काहीच वाचवेना.

डोमेन वॉलला मराठीत भिंत म्हणावं असं कुणालाही सुचेल. मीही म्हणायचे. पण भिंत म्हटलं की बाहेरून आणलेलं साहित्य डोळ्यांपुढे येतं, विटा, सिमेंट, वाळू. इथं बाहेरून काहीच आलेलं नसतं. बांधाची माती दोन्ही रानांचीच असते, तशी ही सीमा त्याच बेरियमची, त्याच टायटॅनियमची. भिंत हटवायची तर पाडावी लागते. बांध तास-तास करून सरकतो, आणि सरकताना एकाचं रान वाढतं, दुसऱ्याचं घटतं. स्फटिकाला बाहेरून व्होल्टेज दिलं की नेमकं हेच होतं: ज्या पट्ट्याचं तोंड विद्युतक्षेत्राच्या दिशेला आहे तो रुंदावतो, शेजारचा आक्रसतो. म्हणून माझ्या वहीत मी बांधच लिहिते. लोहचुंबकातले बांध सहसा दहापट-शंभरपट रुंद असतात, कारण तिथं दिशा हळूहळू वळत जाते. बेरियम टायटनेटमध्ये वर पाहणाऱ्या घनापासून दोन-तीन घन पलीकडे गेलं की खाली पाहणारा घन येतो.

हे बांध दोन जातीचे. एकात शेजारी बरोबर उलट तोंडाचे असतात, १८० अंशांत. दुसऱ्यात काटकोनात, एकाची लांब बाजू उभी तर दुसऱ्याची आडवी. उलट तोंडाचा बांध कितीही सरकला तरी स्फटिकाच्या आकारात फरक पडत नाही, कारण तोंड वर असो की खाली, घनाची उंची तीच. काटकोनी बांध सरकला की आडव्या घनांच्या जागी उभे घन येतात, आणि तेवढी जागा एक टक्का उंच होते. एक टक्का ऐकायला किरकोळ वाटतं. घन पदार्थांच्या जगात ती फार मोठी हालचाल आहे. विजेनं बांध सरकवला तर पदार्थ हलतो, आणि पदार्थ दाबला तर बांध सरकून वीज उमटते.

आईच्या ओट्यावरचा गॅसचा लायटर घ्या. अंगठ्यानं दाबलं की आत स्प्रिंग दाबली जाते, सुटते, एक छोटी हातोडी सिरॅमिकच्या दांड्यावर 'टक्' करून आदळते आणि हजारो व्होल्टची ठिणगी उडते. तो दांडा शिसं, झिर्कोनियम आणि टायटॅनियम यांच्या ऑक्साइडचा असतो, ज्याला पीझेडटी म्हणतात. दाबानं वीज देण्याचा गुण पिएर आणि जाक क्युरी या भावांनी १८८० मध्ये क्वार्ट्झसारख्या स्फटिकांत दाखवला होता. पीझेडटी त्याच गुणात क्वार्ट्झच्या शंभरपटीहून पुढे जातं. यातला बराच वाटा बांधांचा आहे. मऊ जातीच्या पीझेडटीत खोलीच्या तापमानाला निम्मा किंवा त्याहून जास्त प्रतिसाद बांधांच्या हलण्यातून येतो. तीच वडी द्रव हेलियममध्ये, उणे २६९ अंशांना नेली की बांध गोठतात आणि प्रतिसाद कितीतरी खाली येतो.

मऊ म्हणजे हाताला मऊ नव्हे. त्यात थोडं नायोबियम मिसळलं की बांध सहज सरकतात, म्हणून तिला मऊ म्हणतात, आणि सोनोग्राफीच्या प्रोबला तीच लागते. थोडं लोखंड मिसळलं तर उलटं होतं. लोखंडामुळे ऑक्सिजनच्या काही जागा रिकाम्या राहतात, त्या रिकाम्या जागा हळूहळू भोवतीच्या डोमेनच्या दिशेनं लावून घेतात आणि बांधाला आहे तिथंच धरून ठेवतात. ही कठीण जात. दाताच्या डॉक्टरांकडे किटण काढणारं जे यंत्र घूं-घूं करतं, त्यात ती असते, कारण तिथं एकसारखी थरथर हवी आणि तापणं नको.

भट्टीतून आलेली वडी मुकी असते, हेही सांगायला हवं. तिच्यातल्या असंख्य कणांची तोंडं दहा दिशांना असतात, त्यांची बेरीज शून्य. मग तिला गरम सिलिकॉन तेलात बुडवून मिलिमीटरला दोन-तीन हजार व्होल्ट द्यायचे. त्याला पोलिंग म्हणतात. नंतर मात्र ती दिवसेंदिवस थोडी थोडी थंडावते. पहिल्या दिवसापासून दहाव्या दिवसापर्यंत जेवढी घट, तेवढीच दहाव्यापासून शंभराव्यापर्यंत. बांध रुळत जातात, आपापल्या सोयीच्या जागा धरतात. एम.एस्सी.ला असताना पहिल्यांदा ही घट आलेखावर सरळ रेषेत पडलेली पाहिली आणि वडीला वय असतं, हे मला पटलं.

हे बांध डोळ्यांनी पाहायचे तर एक सुई लागते. अणुबल सूक्ष्मदर्शक १९८६ मध्ये बिनिग, क्वेट आणि गर्बर यांनी बनवला. एका लवचीक पट्टीच्या टोकाला वीस-तीस नॅनोमीटर गोलाईची सुई, पट्टीच्या पाठीवर लेसरचा ठिपका. सुई पृष्ठभागावर टेकवायची आणि तिच्यातून एक-दोन व्होल्टचं उलटसुलट व्होल्टेज द्यायचं. खालचं डोमेन त्या तालात फुगतं आणि बसतं, पट्टी हलते, लेसरचा ठिपका हलतो. ही हालचाल एका अणूच्या आकाराहूनही कमी असते. तरी ती मोजता येते, कारण आपण दिलेला ताल आपल्याला ठाऊक असतो आणि नेमका तोच ताल गोंगाटातून वेचून काढता येतो. वर तोंडाचं डोमेन ज्या क्षणी फुगतं त्याच क्षणी खाली तोंडाचं बसतं. दोघांच्या मधोमध सुई आली की फुगणं आणि बसणं एकमेकांना पुसून टाकतात, आणि पडद्यावर काळी रेघ उमटते. तो बांध.

माझ्या पहिल्या चित्रांत ही रेघ चाळीस नॅनोमीटर रुंद आली. मी घाईनं वहीत लिहून टाकलं, बांधाची रुंदी चाळीस. आमच्या मॅडमनी ते वाचलं, खडू घेतला, फळ्यावर आडवा धरून एक जाड पट्टा ओढला आणि विचारलं, "ही रेघेची जाडी की खडूची?" मी सुईची जाडी मोजली होती. बांध त्या रेघेच्या आत कुठंतरी होता.

दुसरी चूक मोठी होती. जुलै महिना, पाऊस लागलेला. एका नव्या पातळ थरावर मी सुईतून आठ व्होल्ट देत एक चौकोन लिहिला आणि मग तो वाचून पाहिला. पडद्यावर स्वच्छ उजळ चौकोन. नवा पदार्थ फेरोइलेक्ट्रिक आहे, या आनंदात मी रात्री अकराला आईला फोन केला. सकाळी तोच चौकोन फिका झाला होता, दुपारी गेला. मी डोमेन फिरवलेच नव्हते, सुईनं पृष्ठभागावर नुसता भार सांडला होता आणि तो ओलसर हवेत वाहून गेला. मग मॅडमनी मला साध्या काचेसारख्या ऑक्साइडवर तोच प्रयोग करायला लावला, ज्यात डोमेन असूच शकत नाहीत. तिथंही तसाच सुंदर चौकोन उमटला. त्या आठवड्यात मी खूप रडले, आणि त्यानंतर कुठल्याही चित्रावर चोवीस तास थांबल्याशिवाय विश्वास ठेवलेला नाही. या क्षेत्रात घाईनं छापलेले बरेच चौकोन आहेत असं मला वाटतं, आणि त्याचा मला मनापासून त्रास होतो.

बांधावरून चालण्याबद्दल मात्र सांगायलाच हवं. आमच्या शाळेची वाट बांधावरूनच होती. पावसाळ्यात दोन्ही रानांत गुडघाभर चिखल, पाय टाकायची सोय नाही, पण बांधावरून दप्तर घेऊन सगळी पोरं पार. बिस्मथ फेराइट हा असाच एक पदार्थ आहे. त्यात मात्र लोखंड आहे. त्यातले शेजारी ७१, १०९ किंवा १८० अंशांत असतात. हा पदार्थ वीज वाहू देत नाही म्हणजे जवळजवळ देतच नाही. २००९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कलीच्या संशोधकांनी, भारतीय वंशाच्या राममूर्ती रमेश यांच्या गटानं, त्याच्यावरून सुई फिरवून विद्युतप्रवाह मोजला. डोमेन काळेच राहिले. १०९ आणि १८० अंशांचे बांध उजळले. ७१ अंशांचे नाहीत. दोन विद्युतरोधक रानांच्या मध्ये, त्याच मातीचा बांध, आणि त्यावरून वीज चालत गेली.

तेव्हापासून या बांधांना तार मानून, बांध आखला तर एक आणि पुसला तर शून्य, अशा मेमरी बनवायचे बेत आखले जातात. होतील किंवा नाही होणार. मला त्याहून जास्त ओढ आहे ती वीज तिथंच का चालते या प्रश्नाची. बांधापाशी अणूंची बसण्याची रीत बदललेली असते, ऑक्सिजनच्या रिकाम्या जागाही तिथं गोळा होतात, आणि या दोहोंतला कुणाचा हात किती हे नमुन्यागणिक बदलतं. आमच्या बांधावरही जे उगवतं ते रानात उगवत नाही. शेळ्यांचं गवत तिथलं, पावसाळ्यात निघणारी भाजी तिथली, बाभूळही तिथलीच. रानाला जे नको असतं ते सगळं बांध ठेवून घेतो.

आणखी एक प्रयोग मी विद्यार्थ्यांना नेहमी सांगते, २०१२ मधला. बेरियम टायटनेटच्या अतिपातळ थरावर नुसती सुई दाबून, एकही व्होल्ट न देता, डोमेनची दिशा उलटवून दाखवली गेली. एवढ्या बारीक टोकाखाली दाब जागोजागी वेगळा पडतो, सुईखाली भरपूर आणि जरा बाजूला काहीच नाही. दाबातला हा उतार विजेचं काम करतो. जाड तुकड्यात हा परिणाम जाणवतही नाही. मोजायला टेकवलेली सुईच जरा जास्त जोरात टेकली तर बांध हलवून जाते. तेव्हापासून सुई टेकवताना माझा हात आपोआप हलका होतो.

गेल्या दिवाळीत गावी गेले होते. ओसरीवर आबा आणि नाना दोघं बसले होते. माझ्या भावाच्या लग्नापासून ते बोलतात, बांधाचा विषय सोडून सगळं. मी मोबाइलवर दोन चित्रं दाखवली, एकाच जागेची, विजेचा एक झटका देण्याआधीची आणि नंतरची. काळी रेघ उजवीकडे सरकली होती, पण सगळी सारखी नाही. एका ठिकाणी ती मागेच अडकली होती आणि तिच्या दोन्ही बाजूंचा भाग पुढे गेल्यामुळे धनुष्यासारखी वाकली होती.

आबांनी चष्मा वर-खाली केला. "हे दोनी एकाच जागंचं?"

"हो आबा. मधे एकदा वीज दिली."

त्यांनी अडकलेल्या जागेवर बोट ठेवलं. "हितं दगड असंल."

नाना वाकून पाहत होते. ते म्हणाले, "दगड कशाला? बाभळीचं मूळ असंल. लांब गेल्यालं."

मी काही बोलले नाही, कारण दोघंही बरोबर असू शकत होते. ऑक्सिजनची रिकामी जागा असेल तर ती एका ठिकाणची, दगडासारखी. अणूंची एक अख्खी रांगच चुकून बसली असेल तर ती लांबवर खोल गेलेली असते, मुळासारखी. सुट्टी संपवून परतल्यावर मी तोच नमुना पुन्हा सुईखाली लावला आणि बांधाला उलट्या बाजूनं, एकेक व्होल्ट वाढवत, त्याच जागेकडे सरकवायला सुरुवात केली.